पिकअपचे पाटे वाढवताय? आधी हे वाचा



शेतरस्त्यावर गाडी खाली घासते म्हणून बरेच जण मागे जादा पाटे टाकून घेतात. गाडी उंच होते, पण कडकही होते. मग अर्ध्या लोडवर प्रत्येक खड्ड्याचा दणका क्रेटमधल्या टोमॅटोला, द्राक्षाला बसतो. दबलेल्या मालाला भाव कमी. त्यामुळे या क्रमाने जा:

१. रिकामी गाडी सपाट जागी लावून बघा. एक बाजू खाली असेल किंवा पाट्याची कमान सरळ झाली असेल, तर पाटे बसलेत. दोन्ही बाजूंचे कंपनी मापाचे नवे टाका. गेलेली उंची परत येते.

२. शॉकअबमधून तेल गळत असेल तर जोडीने बदला. झिजलेले बुशही बदलून घ्या.

३. टायरची हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे, लोड बघून ठेवा. जादा हवेनेही गाडी आदळते.

४. तरीही उंची हवीच असेल तर पाटा आणि ॲक्सलमध्ये छोटा ब्लॉक बसतो. त्याने पाट्याचा कडकपणा वाढत नाही. एकावर एक ब्लॉक ठेवू नका. मागच्या ॲक्सलला ब्रेकचा व्हॉल्व्ह जोडलेला असेल तर तो सेट करून घ्याच, नाहीतर भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी लागतो. काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.

लक्षात ठेवा, पाटे वाढले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.