दारचा मोगरा

मोगऱ्याचा वास कुणाला आवडत नाही? पण पुष्कळांच्या दारी मोगरा असतो अन् फुलं मात्र येत नाहीत. झाड हिरवंगार, फांद्या लांबच लांब, पण कळी एकही नाही. असं का होतं? ते आज आपण पाहू.

मोगरा बारा महिने हिरवा राहतो. त्याला भरपूर ऊन लागतं. सावलीत नुसता पाला वाढतो. म्हणून उन्हाची जागा निवडावी. तिथं पाणी साचू नये. मुळाशी पाणी राहिलं की पानं पिवळी पडतात.

उन्हाळ्यात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणावा. तो तापू द्यावा. मग त्यात माती आणि २ घमेली कुजलेलं शेणखत भरावं. पावसाळ्यात रोप लावावं. २ रोपांत ४ फूट अंतर ठेवावं.

रोप विकतच घ्यावं असं नाही. शेजाऱ्याकडून वीतभर काडी आणा. तिला ३-४ डोळे असावेत. ती जुन्या डब्यात, ओल्या मातीत रोवा. डब्याला खाली भोक पाडा. मूळ धरलं की काडी खड्ड्यात लावा.

आता मुख्य गोष्ट. झाड मोठं झालं की दरवर्षी छाटायचं. कळ्या नव्या फुटीवर येतात. जुनी फांदी राखली तर फूल कुठून येणार? डिसेंबर-जानेवारीत आधी काही दिवस पाणी तोडावं. मग झाड जमिनीपासून हातभर ठेवून वरचं छाटावं. भिऊ नका, झाड मरत नाही. नंतर शेणखत घालून पाणी द्यावं. उन्हाळ्यात झाड कळ्यांनी भरतं.

कळी जांभळट दिसली तर आत अळी आहे असं समजा. ती तोडून नष्ट करा.

पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगडकडे आदिवासी शेतकरी मोगरा लावतात. कळ्या मुंबईला दादरच्या फूलबाजारात जातात. विकायची कळी पहाटे, मिटलेली असतानाच खुडतात. ती संध्याकाळी उमलते.

कळी वजनावर विकली जाते. भाव रोज बदलतो. म्हणून तारीख, वजन, भाव आणि हाती आलेले पैसे वहीत लिहावेत. आता आपल्याला लिहिता येतं. मग आपला हिशोब दुसऱ्याच्या तोंडी कशाला ठेवायचा?

सांगा पाहू : तुमच्या दारच्या मोगऱ्याची छाटणी कधी झाली?