डब्यावर कॉपर, आत भलतंच

पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर बांधायला घेतला की लोक पंप कोणता, नळी मऊ की कडक, दिव्यांचा रंग कोणता यावर रात्री घालवतात. रेडिएटर मात्र ‘360 चा, काळा, तीन पंखे बसतात’ एवढं बघून उचलतात. धातू कोणता, हे विचारणारा विरळाच. आणि विचारलं तरी दुकानातून उत्तर ठरलेलं असतं : ‘कॉपरच आहे, साहेब.’

या उत्तराची किंमत मला एका मित्राच्या मशीनवर कळली. हा मित्र पुण्यात थ्रीडी रेंडरिंगची कामं घेतो, त्यामुळे मशीन रात्र-रात्र चालू. प्रोसेसर तापायला लागला तेव्हा त्याने आधी पंखे झाडले, मग थर्मल पेस्ट बदलली, मग पंपावर संशय घेतला. शेवटी मशीन माझ्याकडे आलं. मी लूप रिकामा केला तर डिस्टिल्ड वॉटर म्हणून भरलेलं पाणी करडं, गढूळ झालेलं. प्रोसेसरवरचा ब्लॉक खोलला. त्याच्या तांब्याच्या तळात पाणी खेळायला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद चर कापलेले असतात. ते चर पांढुरक्या, बुळबुळीत लगद्याने लिंपले होते. टूथब्रशने घासला तरी तो आतून सुटेना. रेडिएटरच्या तोंडात बोट घालून फिरवलं, तर बोटाला पांढरी पूड लागली आणि भिंत खडबडीत लागली. रेडिएटर अॅल्युमिनियमचा होता. डब्यावर आणि बिलावर मात्र ‘कॉपर रेडिएटर’ असं लिहिलेलं.

शाळेत दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या द्रावात बुडवून विद्युतघट केलेला आठवत असेल. लूपमध्ये तेच होतं, फक्त ते कुणालाच नको असतं. पुस्तकातले आकडे पाहिले तर तांब्याचा प्रमाण विभव +0.34 व्होल्ट आणि अॅल्युमिनियमचा –1.66 व्होल्ट. प्रत्यक्षात अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, म्हणून फरक इतका मोठा राहत नाही. पण झिजायची पाळी कुणाची, हे त्यावरून ठरलेलंच आहे : अॅल्युमिनियमची. त्यातून सुटलेलं अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड म्हणजेच तो लगदा, आणि तो जाऊन बसतो जिथे वाट सगळ्यात अरुंद तिथे, म्हणजे नेमका ब्लॉकच्या चरांत.

यावर हमखास येणारा मुद्दा असा, की रेडिएटर वर, ब्लॉक खाली, मधे प्लास्टिकची नळी. धातू एकमेकांना लागतातच कुठे? लागतात. रेडिएटर कॅबिनेटला स्क्रूने आवळलेला असतो, ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक कार्डाला, कार्ड मदरबोर्डला आणि पुन्हा कॅबिनेटला. विजेला एवढी वाट पुरते. ती वाट तोडली तरी सुटका नाही. पाण्यात विरघळलेलं थोडंसं तांबं फिरत-फिरत अॅल्युमिनियमवर जाऊन बसतं, आणि तिथल्या तिथे कणाकणाचे घट तयार होतात. डिस्टिल्ड वॉटर वीज वाहून नेत नाही म्हणणाऱ्यांनी ते लूपमध्ये काही महिने फिरल्यावर पुन्हा तपासावं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि धातूंचे क्षार घेतल्यावर ते पूर्वीचं उरत नाही. शेवाळ नको म्हणून त्यात कॉपर सल्फेटचे थेंब घातले असतील, तर अॅल्युमिनियमच्या बाबतीत आगीत तेलच.

म्हणून रेडिएटर हातात आला की पाणी भरण्याआधी धातू बघायचा. खरी मेख अशी की बघण्याची प्रत्येक रीत कुठे ना कुठे फसवते. एकीवर विसंबून चालत नाही.

सुरुवात वजनाने करा, कारण त्यात काही बिघडत नाही. तांब्याची घनता 8.96, अॅल्युमिनियमची 2.7. तीन पंख्यांचा, 30 मिमी जाडीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर साधारण किलोभर भरतो. त्याच मापाचा अॅल्युमिनियमचा निम्म्याच्या आसपास. पण बाजूच्या पट्ट्या बहुतेक वेळा लोखंडी पत्र्याच्या असतात आणि त्या जाड असल्या की काटा फसतो. ऑनलाइन पानावरचं वजन खोक्यासकट दिलेलं असतं, हेही विसरू नका.

मग टॉर्च घेऊन तोंडातून आत बघा. आटे पिवळे दिसले म्हणून लगेच खूश होऊ नका. अॅल्युमिनियमच्या टाकीलाही पितळी आट्यांची कडी बसवता येते. बघायचं ते आट्यांच्या पलीकडे, टाकीच्या भिंतीकडे. उलट आत पांढरं चकचकीत दिसलं म्हणजे अॅल्युमिनियमच, असंही नाही. तांब्या-पितळेचे रेडिएटर डाग देऊन जोडतात, आणि डागाचं कथील आत पसरलेलं असतं. निकेलचा मुलामा असेल तर कल्हई केलेल्या पातेल्यासारखं खालचं पितळ दिसतच नाही.

शेवटचा शब्द कानशीचा. कोपऱ्यातल्या फिनच्या कडेवरचा रंग पॉलिश पेपरने घालवा : लालसर निघालं तर तांबं, पांढरं निघालं तर आणखी थोडं घासा, तरीही पांढरंच राहिलं तर समजून जा. टाकीवर कानशीचा एक ओरखडा काढला की पितळ असेल तर पिवळं दिसतं. पाणी वाहणाऱ्या चपट्या नळ्यांना मात्र हात लावू नका. त्यांची भिंत इतकी पातळ असते की तपासणीच्या नादात गळती पदरी पडेल.

लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही. तो तांब्यालाही चिकटत नाही आणि अॅल्युमिनियमलाही. फार तर बाजूच्या पट्ट्या लोखंडी आहेत एवढं सांगेल. कॉस्टिक सोड्याच्या थेंबाने अॅल्युमिनियमवर बुडबुडे येतात हे खरं, पण डोळ्यांशी खेळ नको, मी ते कुणाला सांगत नाही. त्यापेक्षा कोपऱ्यावरचा भंगारवाला बरा. मित्राचा रेडिएटर मी आमच्याकडच्या भंगारवाल्यापुढे ठेवला, त्याने न विचारता कोपऱ्यावर कानस मारली आणि म्हणाला, ‘अल्युमिनियम आहे दादा, आणि पट्ट्या लोखंडाच्या, त्यांचं वजन वेगळं धरणार.’ तांब्याचा भाव आणि अॅल्युमिनियमचा भाव यांतल्या फरकावर ज्याचं पोट चालतं, त्याची नजर सहसा चुकत नाही.

अडचण एकच : ओरखडा काढलेला माल दुकान परत घेत नाही. म्हणून क्रम सांभाळा. डबा उघडतानाचा व्हिडिओ, मग वजन, मग टॉर्च. इथे शंका आली तर कानशीपर्यंत न जाता परत पाठवा. मागवण्यापूर्वी ‘रेडिएटर कॉपरचा आहे का’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ म्हणणं फार सोपं आहे. फिन कशाच्या, नळ्या कशाच्या, टाकी कशाची, असं एकेक लेखी विचारा. ज्याला माहीत आहे तो लगेच सांगतो.

रेडिएटर सुटला म्हणजे झालं असंही नाही. पाण्याला लागणारा प्रत्येक भाग त्याच नजरेने बघा : रिझर्व्हॉयरची झाकणं, फ्लो मीटर, स्वस्तातल्या रंगीत फिटिंग. अॅनोडाइझ केलेलं अॅल्युमिनियम चालतं असं सांगतात, पण स्पॅनरने आटे आवळताना तो थर खरवडला जातोच. ब्लॉकवरचं शोभेचं अॅल्युमिनियमचं आवरण मात्र पाण्याला लागत नसेल तर खुशाल राहू द्या, उगाच घाबरू नका.

‘मग कंपन्यांच्या तयार, सीलबंद कूलरमध्ये अॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा तळ कसा चालतो?’ हा प्रश्न रास्त आहे. तिथे द्रवात गंजरोधक मोजून घातलेलं असतं आणि संच बंद असतो, ताजी हवा जवळजवळ जात नाही. तरीही त्याला आयुष्याची मर्यादा असतेच. तोच कूलर कापून त्याचा रेडिएटर आपल्या लूपमध्ये जोडायचा आणि साधं डिस्टिल्ड वॉटर ओतायचं, हा काटकसरीचा प्रकार मी पाहिला आहे. त्यात ब्लॉक जातो, आणि ब्लॉक रेडिएटरपेक्षा महाग असतो. मिश्र धातूंसाठीचं तयार कूलंट घातलं तर झीज मंदावते, थांबत नाही. तात्पुरती सोय म्हणून ठीक, पण मी असा लूप कुणाला बांधून देणार नाही.

मित्राच्या मशीनमध्ये आता तांब्या-पितळेचा रेडिएटर आहे. ब्लॉक वाचला, पण चर साफ करायला तो पूर्ण सुटा करावा लागला. नवा रेडिएटर बसवण्याआधी तोही आतून धुतला, कारण डाग देतानाच्या फ्लक्सचे अवशेष आत राहतात आणि तेही पुढे ब्लॉकमध्येच जाऊन अडकतात. अर्धा भरून, तोंडं बंद करून, हलवून पाणी पांढऱ्या वाटीत ओतायचं. वाटीत कण दिसायचे बंद होईपर्यंत परत भरायचं. धुवायलाही डिस्टिल्डच वापरा, नळाचं नको.