‘आधी नाव होऊ द्या’ म्हणणाऱ्यापासून जपा

माघातली चतुर्थी होती. चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या उतरत होतो. आमच्या कळंबचं देऊळ जमिनीच्या पोटात, त्यामुळं वरच्या जत्रेचा गलका खाली येईस्तोवर विरतो. त्या दिवशी भोंग्यावरची चाल मात्र थेट कानात शिरली. माझी चाल! अंतऱ्यातला कोमल निषादावरचा न्याससुद्धा जसाच्या तसा. आवाज तेवढा दुसऱ्याचा. वर येऊन मोबाइलवर शोधलं, तर संगीतकार म्हणून, माझी आठ गाणी ज्यांच्याकडं रेकॉर्ड केली होती, त्या गृहस्थांचंच नाव. बायको म्हणाली, “तुमचंच गाणं ना हे?” मला बोलता आलं नाही.

त्या आठ गाण्यांसाठी एसटीनं नागपूरच्या सात फेऱ्या केल्या होत्या. “भाऊ, आधी नाव होऊ द्या, पैसा मागून येतोच,” ते गृहस्थ म्हणाले. त्या भरवशावर शाळेतली तासिकेवरची नोकरी सोडली. फोन केला तर म्हणाले, “सही तुमचीच आहे ना? आणि चाल काय, कोणीही लावतो.” पैसे बुडाले ते बुडाले, हे वाक्य अजून सलतं.

लोक म्हणतात, न वाचता करारावर सही केली. करार वाचला होता. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे शब्दही वाचले होते. गाणं रेकॉर्ड होतंय या आनंदात त्यांचं वजन कळलं नाही. पण माझ्या चालीवर स्वतःचं नाव घालायची मुभा कुठल्याच सहीनं मिळत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम 57 आहे: हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव आपलंच. हे मला वकिलाकडं गेल्यावर कळलं, तुम्ही आधीच जाणून घ्या.

संगीतावर पोट भरायचं ठरवत असाल तर ऐका. चाल बसली की त्याच दिवशी नोटेशन लिहा, गाऊन रेकॉर्ड करा आणि स्वतःलाच ईमेल करा. तारीख पुरावा ठरते. करारात मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. काहीच लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं आणि भारतापुरतेच हक्क धरतो. ‘कायमस्वरूपी’ दिसलं की पेन खाली ठेवा. 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा लिहून दिला तरी जात नाही. ही रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या.

कार्यक्रमाचा अर्धा इसार हातात पडल्याशिवाय तारीख देऊ नका. मृगापासून पोळ्यापर्यंत आमच्याकडं बोलावणं येत नाही. तेवढ्या महिन्यांचा किराणा शिकवण्यांवर निघतो का, याचा हिशेब आधी मांडा. विशारदचं प्रमाणपत्र किराणा दुकानात चालत नाही. म्हणून हातातली नोकरी सोडायची घाई करू नका. आपल्या विदर्भाचे, मूर्तिजापूरचे गायक वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत गायले. त्यांचं गाजलेलं संगीत नाटक ‘कट्यार काळजात घुसली’ आलं 1967 साली, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. नोकरीनं गळा बसत नाही.

रियाज सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या. आणि बिदागी विचारल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याच्याकडं गाऊच नका.

माझ्याकडं शिकायला येणारी पोरं आता चालीखाली तारीख घालून सही करतात. येत्या माघात ते गाणं पुन्हा वाजेल. जो विचारेल त्याला सांगेन: चाल माझी आहे.