‘विधानसौध’ म्हणजे कोण?

‘विधानसौधाने निर्णय घेतला’ असे बेंगळुरूत सहज बोलले जाते. दगडी इमारत काही निर्णय घेत नाही. तिचे नाव घेऊन आपण सरकारविषयी बोलतो. सरळ अर्थ जुळत नसेल, तेव्हा त्याच्याशी संबंधित अर्थ घ्यायचा, याला शास्त्रात लक्षणा म्हणतात. येथे इमारत पूर्णपणे सुटते, म्हणून ही जहल्लक्षणा.

वेदान्ताला विशेष उपयोगी पडते ती भागत्यागलक्षणा. लहानपणी पुण्यात पाहिलेला मुलगा वीस वर्षांनी मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर भेटतो. ‘तोच हा!’ म्हणताना आपण तेव्हाचे पुणे आणि आताचे बेंगळुरू, दोन्ही सोडतो. माणूस तेवढा ठेवतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला ‘ते’ आणि ‘तू’ एकच असल्याचे सांगतात, तेथे आचार्य हीच रीत लावतात. ईश्वराचे सर्वज्ञत्व आणि जीवाचे अल्पज्ञत्व बाजूला ठेवले की शुद्ध चैतन्य उरते.

हे व्याकरण कोरडे वाटेल. पण ‘मी थकलो’ म्हणताना थकते कोण? शरीर. विधानसौधाच्या बाबतीत नावाची अदलाबदल लगेच कळते, ‘मी’च्या बाबतीत कळत नाही, मग शरीराचा थकवा, मनाचा राग आपण आत्म्याच्या खाती लिहितो. आज दिवसभरात ‘मी’ हा शब्द कशाकशासाठी वापरला, हे रात्री ध्यानाला बसण्यापूर्वी साधकाने आठवून पाहावे.