दवाखाना उघडला, पुढे काय? : आरोग्यसेवा संशोधन आणि त्यातील पीएच.डी.



दर वर्षी बारावीचा निकाल लागला की काही पालक मला भेटायला येतात. प्रश्न बहुधा एकच असतो. "सर, मुलीला जीवशास्त्रात चांगले गुण आहेत, पण नीटमध्ये नंबर लागला नाही. आता काय करायचे?" डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांच्यापलीकडे आरोग्याच्या क्षेत्रात आणखी काही काम असते, हे आपल्या सरदारपुरात फारसे कोणाला ठाऊक नाही. म्हणून या अंकात एका वेगळ्या अभ्यासाची ओळख करून देत आहे. त्याचे नाव आहे आरोग्यसेवा संशोधन.

औषध शरीरावर कसे काम करते, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न झाला. ते औषध, ती नर्स, ती गाडी आणि तो दवाखाना गरजू माणसापर्यंत वेळेवर पोहोचतो का, पोहोचला तर त्याचा उपयोग होतो का, आणि कोण मागे राहतो, हा आरोग्यसेवा संशोधनाचा प्रश्न आहे. तो ऐकायला सोपा वाटतो. पण त्याचे खरे उत्तर काढायला शिकण्यासाठी माणसाला चार-पाच वर्षे द्यावी लागतात.

एक नोंद

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. तिच्या घरच्यांना विचारूनच लिहीत आहे. नाव आणि गाव देत नाही. काही वर्षांपूर्वी तिचे पहिले बाळंतपण झाले. घरच्यांनी सगळे सांगितल्याप्रमाणे केले. आशाताई बरोबर होत्या, गाडी वेळेवर आली, बाळंतपण दवाखान्यात झाले, मुलगी झाली. नंतर रक्तस्राव थांबेना. तिथून पुढच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले, तिथून आणखी पुढे. तिसऱ्या ठिकाणी पोहोचण्याआधी ती वाटेतच गेली.

मी तिच्या सासरी भेटायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी एक कागद दाखवला. त्यावर "संस्थागत प्रसव" असे लिहिले होते. योजनेचे पैसेही नंतर खात्यात जमा झाले. कागदावरची नोंद अगदी बरोबर होती, खोटे त्यात काही नव्हते. पण त्या नोंदीवरून कोणालाही कळले नसते की ती मुलगी आता नाही.

त्या दिवसापासून मला शाळेच्या हजेरीपटाकडे पाहतानाही तोच प्रश्न पडतो. पटावर नाव आहे, हजेरी ऐंशी टक्के आहे, पण मुलाला वाचता येते का? हजेरी आणि शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपण शिक्षक जाणतो. आरोग्यसेवेचेही तसेच आहे.

रचना, प्रक्रिया, फलित

या विषयाचा पाया घालणाऱ्यांमध्ये अवेदिस डोनाबेदियन यांचे नाव मोठे आहे. हे मूळचे बैरूतचे आर्मेनियन डॉक्टर, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६६ साली त्यांनी एक लेख लिहून सांगितले की वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तीन जागी तपासता येते.

पहिली जागा रचना : इमारत, खाटा, औषधे, माणसे.
दुसरी प्रक्रिया : रुग्ण आल्यावर प्रत्यक्ष काय केले गेले.
तिसरी फलित : रुग्ण बरा झाला का, जगला का.

हीच कसोटी शाळेला लावून पाहा. वर्गखोल्या ही रचना, शिकवणे ही प्रक्रिया, मुलाला काय आले हे फलित. सरकारी अहवालात पहिल्या जागेची माहिती भरपूर असते, कारण ती मोजायला सोपी. दुसरी आणि तिसरी जागा तपासायला शिकलेला माणूस लागतो.

आपल्या राज्यातील उदाहरण

आपल्या राज्यात याचे उत्तम उदाहरण आहे. एप्रिल २००५ मध्ये केंद्र सरकारने जननी सुरक्षा योजना सुरू केली. मध्य प्रदेशासारख्या मागे पडलेल्या राज्यात, दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ग्रामीण भागातील आईला १४०० रुपये मिळू लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये राज्यात शंभरातील सुमारे २६ बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१५-१६ मध्ये हा आकडा सुमारे ८१ झाला आणि २०१९-२१ मध्ये ९१ च्या जवळ गेला. इतक्या थोड्या वर्षांत इतका बदल ही लहान गोष्ट नाही. आशाताई आणि गाडीचालक यांचे यात मोठे श्रम आहेत.

आता फलित पाहू. एक लाख जिवंत जन्मांमागे किती मातांचा मृत्यू होतो, त्याला मातामृत्यू प्रमाण म्हणतात. २००४-०६ मध्ये मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून हे प्रमाण ३३५ होते. २०१८-२० मध्ये मध्य प्रदेशाचे १७३ झाले. म्हणजे सुधारणा झाली. पण त्याच काळात देशाचे प्रमाण ९७, महाराष्ट्राचे ३३ आणि केरळचे १९ होते. दवाखान्यात जाणाऱ्या आया जवळजवळ सगळ्याच झाल्या, तरी आपण एवढे मागे का?

उज्जैनला जोडलेले शोधार्थी

हा प्रश्न काही तरुण संशोधकांनी आपल्या पीएच.डी.चा विषय केला. उज्जैनचे आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आणि स्वीडनमधील स्टॉकहोमची कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट यांच्यात अनेक वर्षांचे सहकार्य आहे. त्यातून आपल्या माळव्यातील खेड्यापाड्यांतली माहिती जगातल्या नामवंत संस्थेच्या प्रबंधांत गेली.

आयेशा डिकोस्टा यांनी राज्यातील गावे आणि शहरे मोजून कोणता डॉक्टर कुठे बसतो, याचा जणू नकाशाच केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत २४,८०७ पदवीधर डॉक्टर आढळले. त्यांपैकी चारांतील तीन खासगी होते, आणि त्या खासगी डॉक्टरांपैकी ८० टक्के शहरांत होते. याआधी सरकारकडेही असे एकत्र चित्र नव्हते.

भरत रणदिवे यांनी स्वीडनच्याच उमेओ विद्यापीठात पीएच.डी. केली. आडनाव आपल्या कानाला ओळखीचे आहे! २०१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह नऊ राज्यांच्या जिल्ह्यांची आकडेवारी तपासली. पाच वर्षांत दवाखान्यातील बाळंतपणे सरासरी २० टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेली होती. पण ज्या जिल्ह्यांत हे प्रमाण जास्त, तिथे मातामृत्यू कमी, असा ठाम संबंध काही दिसला नाही.

मग दवाखान्याच्या आत काय होते? ते सारिका चतुर्वेदी यांनी पाहिले. कॅरोलिन्स्कातील पीएच.डी.च्या कामात त्यांनी मध्य प्रदेशातील ७३ संस्थांमधील २३३ प्रसूती करणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे कागदावर काही रुग्णांची उदाहरणे ठेवली. अशी बाई आली, अशी लक्षणे आहेत, तुम्ही काय कराल? २० पैकी सरासरी गुण मिळाले ५.४. चारांतील तिघींना सातपेक्षाही कमी. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुलांनो, हे वाचून त्या नर्सताईंना दोष देऊ नका. वर्गातील तीन-चतुर्थांश मुले नापास झाली तर दोष मुलांचा की शिकवण्याचा, हे मुख्याध्यापकाने स्वतःला विचारायचे असते. याच अभ्यासात असेही दिसले की ज्यांना खास प्रशिक्षण मिळाले होते, त्यांचे गुण थोडे अधिक होते. म्हणजे उपाय कुठे करायचा, तेही संशोधनानेच दाखवले. माझ्या विद्यार्थिनीच्या कागदावर जे लिहिलेले नव्हते, ते या संशोधकांनी शोधून लिहिले.

एक सावधगिरीही सांगतो. "संबंध दिसला नाही" याचा अर्थ "योजना निरुपयोगी" असा होत नाही. २०१० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकातील एका अभ्यासात याच योजनेमुळे नवजात बालकांचे मृत्यू कमी झाल्याचे दिसले होते. मातामृत्यूबाबत मात्र तिथेही स्पष्ट परिणाम सापडला नव्हता. संशोधक घाईने शाबासकी देत नाही, तसा घाईने नापासही करत नाही.

गडचिरोलीचा धडा

मोजमापामुळे नुसती चूक दिसते असे नाही, वाटही सापडते. महाराष्ट्रातील गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ते दाखवले. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तुलनेची गावे का? कारण मृत्यू सगळीकडेच कमी होत असतील, तर आपल्या कामाचे श्रेय किती, हे त्याशिवाय कळत नाही. काम झालेल्या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू २५.५ वर आले. १९९९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापले गेले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत अशी घरभेटीची सेवा देशभर सुरू केली. आज आपल्या गल्लीत आशाताई बाळाचे वजन करायला येतात, त्यामागे हा हिशेब आहे. बंग दांपत्याची पदवी पीएच.डी.ची नव्हे; त्यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले होते. पण पद्धतशीर मोजण्याची शिस्त तीच.

पीएच.डी.त नेमके काय शिकतात?

१. प्रश्न लहान करणे. "आरोग्यसेवा वाईट का?" हा प्रश्न नव्हे, तक्रार आहे. "रक्तस्राव झालेल्या आईला पहिल्या दवाखान्यातून दुसऱ्यात पोहोचायला किती वेळ लागतो?" हा प्रश्न आहे.

२. दोन्ही पद्धती. आकडे मोजण्यासाठी सांख्यिकी, आणि आकड्यांमागचे कारण कळण्यासाठी मुलाखती व निरीक्षण.

३. नीती. माहिती घेण्याआधी समजावून संमती घेणे, नाव गुप्त ठेवणे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यासाठी आहेत.

४. लिहिणे आणि टीका सोसणे. स्वीडनमध्ये पूर्णवेळ पीएच.डी. चार वर्षांची असते. आरोग्याच्या विषयात प्रबंध म्हणजे बहुधा काही शोधलेख आणि त्यांना एकत्र बांधणारा एक भाग. त्या भागाला तिथे 'कापा' म्हणतात, म्हणजे कोट. तयार प्रबंध खिळ्याने भिंतीवर ठोकून जाहीर करण्याची तिथे जुनी प्रथा आहे. ज्याला वाचायचे त्याने वाचावे आणि भर सभेत प्रश्न विचारावेत.

वाट कशी आहे?

या वाटेवर एमबीबीएस सक्तीचे नाही. नर्सिंग, समाजकार्य, अर्थशास्त्र, सांख्यिकी, समाजशास्त्र यांतूनही मुले येतात. पदवीनंतर सार्वजनिक आरोग्य किंवा संबंधित विषयात पदव्युत्तर शिक्षण, आणि मग पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षे असतात, आणि सुरुवातीला वर्गातील अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली तर छात्रवृत्ती मिळते. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, ही या विषयाची जाणती ठिकाणे आहेत.

इंग्रजीची भीती वाटते का? मलाही वाटत असे. माझी पदवी हिंदी माध्यमातून झाली आहे. घरी मराठी, कॉलेजात हिंदी आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. शोधलेख इंग्रजीतच असतात, तेव्हा ती भाषा शिकावी लागेल, आणि ती शिकता येते. पण दुसरी बाजूही पाहा. फळियातल्या आजीने भिलीत किंवा माळवीत सांगितलेले दुःख समजायला बाहेरच्या संशोधकाला दुभाषी लागतो. महीच्या काठी वाढलेल्या आपल्या मुलांना ते कानाने कळते. ही शिदोरी कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही.

पालकांना माझी विनंती आहे, या कामात पैसा हळूहळू येतो आणि नाव त्याहून हळू. पण ज्या तहसिलीत एक जरी मुलगी हे शिकून परत आली, तिथे "संस्थागत प्रसव" या दोन शब्दांवर फाइल बंद होणार नाही. "पुढे काय झाले?" असे विचारणारे कोणीतरी असेल. ज्या मुलीची हकीकत मी वर सांगितली, तिला वर्गात प्रश्न विचारायची फार सवय होती. तिचा प्रश्न आता तुमच्यापैकी कोणीतरी विचारायचा आहे.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या सोयीबद्दल रचना, प्रक्रिया आणि फलित यांचा प्रत्येकी एक प्रश्न तयार करा.

२. गडचिरोलीच्या अभ्यासात तुलनेची ४७ गावे नसती तर काय कळले नसते? चार ओळींत लिहा.

३. घरातील आजी, आई आणि काकू यांची बाळंतपणे कुठे झाली, तिथपर्यंत कसे गेले, हे त्यांच्या संमतीने विचारा. वहीत नावे लिहू नका. तीन पिढ्यांत काय बदलले आणि काय नाही, ते वर्गात सांगा.