कॅमेरा घेऊन देऊ नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मुलाला सिनेमॅटोग्राफर व्हायचंय, कोणता कॅमेरा घेऊ?" काही जण तर दुकानातून कोटेशन घेऊनच येतात. माझंही उत्तर ठरलेलं आहे: कोणताच नको.

कर्ज काढून घेतलेला कॅमेरा काही वर्षांत जुना होतो आणि हप्त्यांपायी मुलगा मिळेल ते लग्न शूट करत सुटतो. (लग्नाचं काम हलकं नाही, पण ते आवडीने करावं.) मोठ्या चित्रपटांचे कॅमेरेसुद्धा बहुधा भाड्यानेच येतात. तुम्हीही दोन दिवस भाड्याने आणा आणि मुलाला घरातच कुणाची तरी दहा मिनिटांची मुलाखत घ्यायला सांगा. आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/६० वर राहिलं तर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र फडफडू शकतं, १/५० वर ते थांबतं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला, तर खिडकीकडे वळताच चेहऱ्याचा रंग बदलतो. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट द्यायचे राहिले, तर मुलाखत मुकी. बाहेर उन्हात आयरिस (भिंगाचं छिद्र) उघडा ठेवायचा तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लागतो. या खटाटोपात तो रमला तर पुढचं बोलू. मेनू उघडायचाच कंटाळा आला, तर त्याला फक्त कॅमेऱ्यासोबत स्वतःचा फोटो हवा होता, असं समजा.

पुण्याची एफटीआयआय, कोलकात्याची सत्यजित राय संस्था हे रस्ते सगळ्यांना ठाऊक आहेत. पदवी लागते, जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा अवघड. तयारी करा.

मला बोलायचंय ते सीसीयूबद्दल, म्हणजे कॅमेरा कंट्रोल युनिटबद्दल. क्रिकेटच्या सामन्यात ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानाबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून, या युनिटवरून सगळ्या कॅमेऱ्यांचे आयरिस, ब्लॅक लेव्हल आणि रंग जुळवणारी माणसं असतात. एका कॅमेऱ्यात जर्सी निळी आणि दुसऱ्यात जांभळी दिसली, तर बोलणी त्यांनाच बसतात. वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप (उजेड आणि रंग दाखवणारे आलेख) वाचता आले पाहिजेत, सिग्नल कुठे तुटला ते शोधता आलं पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्यांना हे लवकर जमतं. वेळा वाईट, प्रसिद्धी शून्य. पण कॅमेरा स्वतःचा लागत नाही, आणि असं काम असतं हेच बहुतेक घरांत माहीत नसतं.

आता पालकांसाठी. "इंजिनीअरिंगला प्रवेश घे, मग कॅमेरा देतो," हा सौदा करू नका. ती लाच आहे. मुलगा दोन्हीकडे अर्धवट राहतो. नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणा. आणि सल्ला घ्यायला याल, तेव्हा प्रश्न मुलाला विचारू द्या. तुम्ही बाहेर बसा.