टोमॅटो बरणीत, मटार फ्रीजरमध्ये

प्रश्न : टोमॅटो स्वस्त झाले की रस उकळून बरण्या भराव्यात, रोजच्या आमटीला होतील, असं वाटतं. मटारही असेच टिकतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टोमॅटोचं जरूर करा. लिटरभर रसाला चहाचा अर्धा चमचा सायट्रिक अॅसिड घाला. हल्लीचे टोमॅटो आंबटपणात बेभरवशाचे, म्हणून हे टाळू नका. उकळता रस गरम काचेच्या बरणीत ओता, वर अर्धा इंच जागा सोडा, नवं झाकण लावा. बरणी पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात ठेवून, उकळी फुटल्यापासून 45 मिनिटं मोजा. (समुद्रकाठी 40 पुरतात, उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं.) थंड झाल्यावर झाकण मधोमध आत ओढलेलं दिसलं की जमलं. नसेल तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवा.

मटार मात्र नको. ते आंबट नाहीत. बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू 100 अंशांना मरत नाहीत आणि त्यांच्या विषाला वास येईलच असं नाही. शिट्टीच्या कुकरवरही भिस्त नको, त्यात दाब एकसारखा राहत नाही. मटार दीड मिनिट उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, आणि निथळून थेट फ्रीजरमध्ये टाका.